खाली बसवलेली व्हॅन

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या पस्तीस वर्षांत तिने वर्ध्यासारख्या जिल्ह्यात पडेल ते काम केले. शाळेची मुले पोहोचवली, रुग्ण नेले, लग्नाचे सामान वाहिले, मंडीतून भाजी आणली. बोरगाव मेघे हे वर्धा शहराला चिकटलेले गाव. शाळा, दवाखाना, बाजार, रेल्वे सगळे शहरात, आणि घर गावात. अशा ठिकाणी सरकत्या दारांची, सात-आठ माणसे पोटात घेणारी ही गाडी घरचीही होती आणि धंद्याचीही. आता ती जुनी झाली आहे, आणि जुन्या गाडीच्या नशिबी जे येते ते तिच्याही आले आहे. तिच्यावर जीव टाकणारी तरुण पोरे पुढे आली आहेत. रंग नवा, सीटा नव्या, अलॉयची रुंद चाके, आणि शेवटी एक काम हमखास: गाडी खाली बसवणे.

जमिनीलगत बसलेली व्हॅन देखणी दिसते, हे मान्यच करायला हवे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलंडते, हेही शास्त्राला धरून आहे. ओम्नी उंच, अरुंद आणि आखूड आहे, तेव्हा तिला थोडी खाली आणण्यात मुळातच काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो ज्या रीतीने ती खाली आणली जाते तिला, आणि त्यासाठी जो माल वापरला जातो त्याला. कारण चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये जे काही भाग असतात, त्यांच्यापैकी एकही शोभेचा नाही.

ओम्नीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक स्ट्रट असतो. शॉकअपचा जाड नळा, त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, आणि हा सगळा जोड वर थेट गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेला. मागे सरळ एक्सल आणि त्याला धरणारे कमानपाटे. इंजिन पुढच्या सीटांखाली, ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस पुढच्या चाकांच्या डोक्यावर. म्हणजे पुढच्या स्ट्रटवर गाडीचे वजन तर आहेच, शिवाय तिथे काही तुटले तर ते पायांपासून हातभर अंतरावर तुटते.

गाडी बसवण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे ग्राइंडरने स्प्रिंगचे वेढे कापणे. अर्ध्या तासाचे काम. कापल्यावर स्प्रिंग मऊ होते असा समज आहे. प्रत्यक्षात ती ताठ होते. स्प्रिंगचा ताठपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला दीड कापला तर उरलेली स्प्रिंग तिसऱ्या हिश्श्याने अधिक ताठ होते. तरीही गाडी खड्ड्यात जोरात आपटते, कारण खाली आल्यामुळे चाकाला वर जायला जागाच उरलेली नसते. दोन इंच आधीच खर्च झालेले असतात. मग धक्का रबराच्या बफरवर जातो, तिथून स्ट्रटच्या माथ्यावर, आणि तिथून ज्या पत्र्याला तो कसला आहे त्यावर. वीस-पंचवीस वर्षांच्या ओम्नीत हा पत्रा बहुतेक वेळा आतून गंजलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. स्प्रिंगचे टोक कारखान्यात अशा आकाराचे केलेले असते की ते खालच्या वाटीत घट्ट बसावे. कापलेले टोक तसे बसत नाही. ते वाटीच्या काठावर एका ठिकाणी टेकते आणि तिथेच घासत राहते. त्यात स्प्रिंग आखूड झालेली. चाक खोल खड्ड्यात लटकले की शॉकअप पूर्ण लांबतो, पण आखूड स्प्रिंग तेवढी लांबत नाही. क्षणभर ती आपल्या जागेवरून सैल सुटते. चाक पुन्हा वर आले की ती जागेवर येईलच याची हमी नाही. चुकीच्या जागी अडकलेली स्प्रिंग टायरला घासू शकते, आणि ते वळणावर घडले तर गाडी ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

काही ठिकाणी कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने वेढे लाल करून बसवतात. हा प्रकार मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यात बाहेरून काहीच दिसत नाही. स्प्रिंगचे पोलाद आधी साधारण ८५० अंशांच्या पुढे तापवून तेलात थंड केलेले असते आणि मग चार-पाचशे अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. तिची सगळी लवचीकता या दोन पायऱ्यांत आहे. गॅसने लाल केलेला भाग ती गमावतो. त्यावर कुणी घाईने पाणी ओतले तर तोच भाग काचेसारखा तडकण्याजोगा होतो. वर रंगाचा हात मारला की स्प्रिंग नवी दिसते.

मागच्या बाजूला पाटा काढतात. आपल्याकडे याच्या उलट्या उद्योगाची परंपरा मोठी आहे. विदर्भात कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात मालवाहू गाड्यांना एक पाटा वाढवून घेणे ही नेहमीची गोष्ट. तोही दोष आहेच, कारण पाटा वाढला तरी एक्सल, ब्रेक आणि टायर वाढत नाहीत. पण पाटा काढणे अधिक जोखमीचे. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि एक काढला, तर उरलेल्या चारांपैकी प्रत्येकावरचा ताण सव्वापट होतो. सव्वापट म्हणजे फार नाही, असे वाटते. इथेच घोटाळा आहे.

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुन्हापुन्हा मागेपुढे वाकवत राहिलो की तुटते, आणि जितकी जास्त वाकवू तितक्या कमी फेऱ्यांत तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. ताण थोडा वाढला की आयुष्य थोडे घटत नाही, ते कितीतरी पटींनी घटते. ही गोष्ट जगाला रेल्वेने शिकवली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल मोडला आणि त्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे गेली. एक्सल जाड होता, वजन नेहमीचेच होते, मग तो मोडला कसा, हा प्रश्न युरोपभर चर्चेत राहिला. पुढे १८५० आणि १८६० च्या दशकांत प्रशियाच्या रेल्वेतला अभियंता ऑगस्ट व्होलर याने एक्सलचे नमुने यंत्रावर लक्षावधी वेळा फिरवून दाखवले, की एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, त्याहून कितीतरी कमी भार वारंवार आला तर तोच धातू मोडतो. वर्धा हे मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन आहे. तिथून रोज धडधडत जाणाऱ्या प्रत्येक डब्याचे एक्सल ठरावीक काळाने श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासले जातात, ते याच धड्यामुळे.

व्हॅनच्या बाबतीत हिशेब करून बघा. चाकावर गाडी सेकंदाला किमान एकदा तरी वरखाली होते. ताशी ४० किलोमीटरने दहा हजार किलोमीटर जायला अडीचशे तास लागतात. म्हणजे दहा हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक स्प्रिंग आणि प्रत्येक पाटा सुमारे नऊ लाख वेळा वाकतो. म्हणून 'वर्ष झालं गाडी बसवून, काही झालं नाही' हे वाक्य पुरावा म्हणून चालत नाही. भेग पहिल्या दिवशी पडत नाही. ती एखाद्या गंजाच्या टिंबापासून, ग्राइंडरच्या ओरखड्यापासून सुरू होते, महिनोन्महिने केसाएवढी राहते, आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये आरपार जाते. ज्या मिस्त्रीने काम केले त्याला ते दिसत नाही, मालकालाही नाही.

वर्धा जिल्ह्यात या फेऱ्या अधिक कठोर असतात. इथली जमीन काळी कापसाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर पाया नीट न घातलेला रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा बुशांचे रबर कडक होऊन चिरते. गतिरोधकांची गोष्ट वेगळीच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरने तो सहज ओलांडता यावा अशा बेताने. वस्तीतल्या लोकांनी स्वतः घातलेला गतिरोधक तेवढाच किंवा जास्त उंच आणि हातभर रुंद. खाली बसवलेली व्हॅन त्यावरून गेली की सायलेन्सर घासतो तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो, आणि बफर आपटतो तो कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मालाकडे वळू. जुन्या गाडीचे मूळ सुटे भाग मिळेनासे झाले की बाहेरचा माल घ्यावाच लागतो, आणि बाहेरचा सगळा माल वाईट असतो असे अजिबात नाही. ज्या कंपन्या गाडीच्या कारखान्याला भाग पुरवतात त्याच आपल्या नावाने तो बाजारातही विकतात. प्रश्न बिननावाच्या पुड्यांचा आहे. लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, चाकाचा स्टब एक्सल हे भाग घडीव पोलादाचे असायला हवेत. तापलेल्या पोलादावर घण पडून त्याचे तंतू आकाराबरोबर वळलेले असतात. त्याच आकाराचा ओतीव भाग निम्म्या किमतीत तयार होतो. हातात घेऊन बघा. घडीव भागावर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ साधारण रुंद आणि घासून काढलेली दिसते, ओतीव भागावर ती बारीक आणि उंचावलेली असते, आणि पृष्ठभाग वाळूच्या कणांसारखा खरबरीत. ही खूण शंभर टक्के नाही, पण दुकानात उभ्या उभ्या एवढे तरी पाहता येते.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडेही वाचावेत. ८.८ असे कोरलेले असेल तर तो बोल्ट चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन ताण सहन करून मग तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जात नाही. १०.९ म्हणजे त्याहून वरचा. डोके कोरे असेल तर त्या बोल्टबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही, आणि असा बोल्ट चाकाजवळ लावू नये. एक्सल आणि पाटे एकत्र आवळणारा यू-बोल्ट एकदा सोडला की पुन्हा वापरायचा नसतो; तो कसताना ताणला गेलेला असतो. नवा यू-बोल्ट टॉर्क पान्याने कसायचा आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचा. नुसत्या हाताच्या अंदाजावर कसलेला यू-बोल्ट ढिला पडला की सगळा भार पाट्यांच्या मधोमध असलेल्या बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येतो. तो कापला गेला की एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते.

ठोकळे घालण्याचाही एक प्रकार आहे. कमान एक्सलच्या खाली असेल तर मधे ठोकळा घातल्याने गाडी खाली येते, वर असेल तर उलट उचलली जाते. कमानीच्या बांधणीचा विचार न करता ठोकळा विकणारे दुकानदार आहेत आणि घेणारेही. एकावर एक दोन ठोकळे, लाकडी ठोकळा, वेल्डिंग मारून जोडलेला ठोकळा, यांतले काहीही दिसले तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेक मारताना एक्सल आपल्या जागी गरकन फिरू पाहतो, आणि ठोकळा जितका उंच तितका त्याला पीळ जास्त.

ब्रेकची एक गोष्ट जुन्या मिस्त्र्यांनाही सांगावी लागते. अनेक व्हॅन आणि मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकच्या नळीवर एक झडप असते, तिचा दांडा मागच्या एक्सलला जोडलेला असतो. गाडी भरली की अंग खाली येते, दांडा हलतो आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब देते, कारण आता मागे वजन आहे. गाडी रिकामी असूनही दोन इंच खाली बसवली, तर झडपेला ती भरलेलीच वाटते. मग ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते. स्प्रिंग कितीही उत्तम घेतली, कितीही नीट बसवली, तरी ही झडप नव्याने जुळवल्याशिवाय काम पुरे होत नाही.

टायरबद्दल थोडक्यात. ओम्नीला १२ इंची चाकांवर हलक्या मालवाहू गाडीच्या प्रतीचे टायर येतात, कारण तिला माणसे आणि सामान दोन्ही वाहायचे असते. दिसायला रुंद असलेला मोटारीचा टायर घेतला तर त्याच्या कडेवरचा भारांक बघा. ७५ म्हणजे ३८७ किलो, ८० म्हणजे ४५०, ८५ म्हणजे ५१५. गाडीच्या मूळ टायरपेक्षा भारांक कमी असेल तर तो परत करावा.

गाडी बसवण्याची हौस जगात सगळ्यांत जास्त कुणी केली असेल तर ती फोक्सवॅगनच्या बसच्या चाहत्यांनी. ८ मार्च १९५० पासून बनू लागलेली ती बस मागे इंजिन घेऊन धावते आणि तिच्या पुढच्या चाकांना वेढ्यांची स्प्रिंगच नाही. आडव्या नळ्यांत पट्ट्यांचे जुडगे असतात आणि ते पिळले जातात. गाडी खाली आणायला लोक त्या नळ्या कापून मधे फिरवता येणारा तुकडा वेल्ड करतात, किंवा वेगळ्या घडणीचा स्टब एक्सल लावतात, ज्यात चाकाचा दांडा वरच्या बाजूला सरकवलेला असतो. दुसरी रीत तत्त्वतः योग्य. तिच्यात गाडी खाली येते पण स्प्रिंगचा प्रवास जसाच्या तसा राहतो. पण तो एक भाग पुढच्या चाकाचा सगळा भार वाहतो, आणि तो जर हलक्या प्रतीचा ओतीव असेल तर त्याच्या तुटण्याने चाकच निखळते. म्हणून जर्मनीत अशा प्रत्येक भागाबरोबर चाचणीचा कागद लागतो, आणि तो बसवल्यावर मान्यताप्राप्त तपासनीसाला गाडी दाखवून नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसलेला बदल असेल तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच धोक्यात येतो. त्या देशात बसवलेल्या गाड्या भरपूर आहेत, आणि त्यांच्यामागे कागद आहेत.

आपला कायदाही गप्प नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशा रीतीने गाडी मालकाने बदलू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले भाग नियमबाह्य प्रतीचे विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे एक लाख रुपयांचा दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. चाचणी करणारी संस्थाही परदेशात शोधायला नको. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून पुण्यात आहे. उणीव आहे ती मधल्या दुव्याची. हौशी मालक एक चांगला भाग घेऊन तो नीट बसवून परिवहन कार्यालयात तपासून घेऊ म्हणाला, तर त्याला सोपी वाट नाही. म्हणून काम अंधारात होते, आणि अंधारात स्वस्त माल जिंकतो. दंड वाढवण्यापेक्षा ही वाट आधी मोकळी व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या गाड्यांच्या प्रेमींसाठी आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांची नोंदणी वेगळी केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती दहा वर्षे चालते. १९८४ ची पहिली मारुती व्हॅन २०३४ साली पन्नास वर्षांची होईल. आज कुणाच्या अंगणात अशी व्हॅन उभी असेल आणि तिचा स्ट्रटचा पत्रा कापून नवी पट्टी वेल्ड करायचा बेत असेल, तर हात लावण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

ज्यांना बसवायचीच आहे त्यांनी पुढच्या बाजूला न कापलेली, गाडीच्या वजनासाठी बनवलेली आखूड उंचीची स्प्रिंग आणि तिला जुळणारा आखूड शॉकअप, असा जोडच घ्यावा. इंच-दीड इंचापुढे जाऊ नये. त्यानंतर अलाइनमेंट, ब्रेकच्या नळ्या टायरला लागतात का ते स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघणे, आणि पूर्ण माणसे बसवून बफरला किती जागा उरते ते मोजणे. वर्ध्याजवळ येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढता येते. गल्लीत ३० च्या वेगाने टिकणारा भाग तिथे ९० च्या वेगाला तसाच टिकेल असे समजू नये. वेग तिप्पट झाला की गाडीतली ऊर्जा नऊपट होते.

एक तपासणी कुणालाही घरी करता येते. गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, आणि टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्हींत बोटाच्या रुंदीएवढा फरक आला तर एक्सल सरकला आहे किंवा काही वाकले आहे. मग टॉर्च घेऊन प्रत्येक पाट्याची कड, यू-बोल्टच्या मुळाशी उमटलेला तांबूस गंजाचा ओघळ आणि स्प्रिंगचे खालचे टोक बघा. ओघळ दिसला तर बोल्ट हलतो आहे. टोक सपाट कापलेले दिसले तर ती स्प्रिंग आधीच्या मालकाने कापली आहे, मग तुम्हाला गाडी विकताना त्याने काहीही सांगितले असो.

बोरगाव मेघेतून, सावंगीतून, सिंदी मेघेतून सकाळी शाळेला निघणाऱ्या ज्या जुन्या ओम्नी अजून चालू आहेत, त्यांच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. कापलेली स्प्रिंग, काढलेला पाटा किंवा कोऱ्या डोक्याचा बोल्ट तुमच्या गाडीत असेल, तर पुढची फेरी मारण्याआधी तो बदलून घ्या, आणि तोवर मुलांना दुसऱ्या गाडीने पाठवा.